भाव बाजाराचा, वही आपली

शेअरबाजारात पैसे घालणाऱ्या कुठल्याही तरुणाला विचारून पाहा, 'तुझ्याकडे आज एकूण किती पैसे आहेत?' उत्तराआधी हात खिशाकडे जातो. फोन निघतो, ब्रोकरचं अ‍ॅप उघडतं आणि हिरव्या किंवा लाल अक्षरांतला एक आकडा वाचून दाखवला जातो. त्या आकड्यात पीएफ नसतो, बँकेतली ठेव नसते, घरात ठेवलेलं सोनं नसतं, मित्राकडून उसने घेतलेले चाळीस हजारही नसतात. गेल्या चार वर्षांत मिळालेला लाभांश तर बहुतेक वेळा त्यात धरलेलाच नसतो. या एका दुकानातून आपण जे घेतलं, त्याची या क्षणाची किंमत तेवढी त्यात असते, आणि तीही दुकानदाराने सांगितलेली.

मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डीमॅट खाती होती. ऑगस्ट २०२४ पर्यंत ती सतरा कोटींच्या वर गेली. एनएसईकडे नोंदवलेल्या गुंतवणूकदारांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला आहे. म्हणजे आपल्या आजूबाजूला लाखो लोक शेअर घेतात, पण त्यांचा हिशोब स्वतः ठेवणारे हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. हिशोब अ‍ॅप ठेवतं. आपण तो फक्त बघतो.

माझं म्हणणं दोन वाक्यांत सांगतो. शेअरचा भाव आपण स्वतः, आपल्या सोयीच्या दिवशी, आपल्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणावा. आणि तो तसा आणता यावा यासाठी कुणाच्याही प्रोग्रॅमला वाचता येईल अशी साधी, स्थिर फाइल मिळणं हा गुंतवणूकदाराचा हक्क मानला जावा. पहिली गोष्ट आज फार थोडे लोक करतात आणि दुसरी आपल्याकडे अर्धवट आहे. ही चार संगणकवेड्यांची कुरकुर वाटेल. पण जिथे पैसे आहेत आणि त्यांची वही दुसऱ्याच्या हातात आहे, तिथे हा प्रश्न सगळ्यांचा होतो.

हलता भाव आणि बंद भाव

बाजारात एकाच शेअरचे दोन भाव असतात आणि दोन्हींची कामं वेगळी आहेत.

एक हलता भाव. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन तो सेकंदासेकंदाला बदलतो. ज्याला या क्षणी घ्यायचं किंवा विकायचं आहे, त्याला तो हवा. दुसरा बंद भाव. एनएसईच्या रूढ पद्धतीत शेवटच्या अर्ध्या तासात झालेल्या व्यवहारांची भारित सरासरी काढून तो ठरतो, म्हणून शेवटचा व्यवहार ज्या भावाला झाला तो भाव आणि बंद भाव यांत थोडा फरक दिसतो. ज्याला आपल्याकडे काय आहे हे मोजायचं आहे, त्याला हा दुसरा भाव पुरतो. महिन्याच्या शेवटी एकदा मिळाला तरी पुरतो.

अ‍ॅप आपल्याला सतत पहिला भाव दाखवतं. का, ते समजायला फार हुशारी लागत नाही. आपण किती वेळा खरेदी-विक्री करतो यावर ब्रोकरची मिळकत अवलंबून असते. महिन्यातून एकदा हिशोब बघून शांत बसणारा ग्राहक त्याच्या फारसा कामाचा नाही. दिवसातून चाळीस वेळा पडदा बघणारा मात्र कधीतरी बटण दाबणारच. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने फ्युचर्स-ऑप्शन्सबद्दलचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत त्या बाजारात उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्क्यांचं नुकसान झालं होतं. एकूण नुकसान १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होतं. त्या सगळ्यांच्या हातात हलता भाव होता, आणि तोही अगदी फुकट.

हलत्या भावाचा खेळ होतो, हे सेबीलाही कळलेलं आहे. मे २०२४ मध्ये तिने एक्स्चेंजांना सांगितलं की, खऱ्या भावांवर आभासी ट्रेडिंगचे खेळ चालवणाऱ्या मंडळींना चालू भाव पुरवू नका. ते योग्यच झालं. पण खऱ्या पैशांनी खेळणाऱ्यासमोर तोच भाव तसाच लुकलुकत ठेवला जातो. बंद भाव मात्र आपल्या वहीपर्यंत सुखाने पोहोचावा म्हणून कुणी फार खटपट करत नाही.

कीर्द, खतावणी आणि भावांची यादी

आपल्या भाषेत हिशोबाचे शब्द जुने आणि नेमके आहेत. रोजचे व्यवहार घडतील तसे लिहायचे ती कीर्द. तेच व्यवहार खात्याखात्यांत वाटून मांडायचे ती खतावणी. लक्ष्मीपूजनाला व्यापारी अजून वहीची पूजा करतात. त्याच दिवशी शेअरबाजारात तासाभराचा मुहूर्ताचा सौदा होतो, आणि आपण तो हौसेने करतो. सौदा उरला, वही मात्र पूजेतूनही गेली आणि घरातूनही.

ग्नूकॅशसारखं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर हीच कीर्द-खतावणी संगणकावर करतं. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहिला जातो: बँकेतून पैसे गेले, शेअरच्या खात्यात नग आले. यात एक बारकावा आहे, आणि या लेखाचा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. वहीत शेअर नगांत असतात, रुपयांत नसतात. दहा नग ही गोष्ट पक्की. त्यांची किंमत मात्र रोज बदलते, म्हणून भावांची यादी वेगळी ठेवली जाते. त्यात फक्त तारीख, शेअरची खूण, भाव आणि चलन. अहवाल मागितला की सॉफ्टवेअर नग आणि त्या तारखेचा भाव यांचा गुणाकार करून किंमत सांगतं.

भावांची यादी रिकामी असेल तर आपली वही अर्धी आंधळी असते. किती नग आहेत हे तिला माहीत, त्यांचं मोल माहीत नाही. बहुतेक लोक इथेच कंटाळतात, वही मिटतात आणि पुन्हा अ‍ॅप उघडतात. म्हणून बाहेरून भाव आत आणण्याचं हे किरकोळ दिसणारं काम निर्णायक ठरतं. ज्याच्या हातात भावांची यादी, त्याच्याच हातात शेवटी आपला हिशोब राहतो.

भावकॉपी

दिवसअखेरच्या भावांची फाइल आपल्याकडे आहे आणि तिचं नावही मोठं गोड आहे: भावकॉपी. एनएसई आणि बीएसई बाजार बंद झाल्यावर रोज संध्याकाळी ती आपल्या संकेतस्थळांवर ठेवतात. पैसे लागत नाहीत. त्या दिवशी व्यवहार झालेल्या प्रत्येक शेअरची एक ओळ असते: खूण, आयसिन क्रमांक, सुरुवातीचा भाव, दिवसातला वरचा आणि खालचा भाव, बंद भाव, आदल्या दिवसाचा बंद भाव, किती नगांचा सौदा झाला. साधी सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळे केलेले रकाने. कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडते.

ग्नूकॅश २०१८ पासून अशी सीएसव्ही फाइल थेट भावांच्या यादीत घेतं. तारीख कोणत्या रकान्यात, खूण कोणत्या, भाव कोणता, चलन कोणतं, एवढं एकदा सांगायचं आणि तो साचा साठवून ठेवायचा. पुढच्या महिन्यात तोच साचा निवडला की झालं. हजारो ओळींतल्या आपल्या आठ-दहा ओळी तेवढ्या गाळून घ्यायच्या.

म्युच्युअल फंडांचं तर याहून सोपं आहे. सगळ्या फंडांच्या एनएव्हीची एकच मजकूर-फाइल अ‍ॅम्फी ही फंड कंपन्यांची संघटना रोज आपल्या संकेतस्थळावर ठेवते. योजनेचा क्रमांक, आयसिन, नाव, एनएव्ही, तारीख, मध्ये अर्धविराम. लॉग-इन नाही, नोंदणी नाही, सजावट नाही. देशातल्या आर्थिक माहितीपैकी इतकी सरळ आणि इतकी उपयोगी दुसरी गोष्ट शोधावी लागेल.

या पद्धतीचा आणखी एक फायदा सहसा कुणी बोलत नाही. भावकॉपी आपण सबंध उतरवून घेतो. हजारो शेअरांपैकी आपले आठ कोणते, हे फाइल देणाऱ्याला कळायला वाव नाही. तेच एखाद्या अ‍ॅपला किंवा संकेतस्थळाला एकेका शेअरचा भाव विचारत गेलो की आपण आपला अख्खा पोर्टफोलिओ न मागता सांगून टाकतो. जुन्या काळी लोक वर्तमानपत्रातलं भावांचं पान उघडून आपल्या ओळीवर बोट ठेवायचे, पण पेपरवाल्याला ते बोट दिसत नव्हतं.

'अ‍ॅप करतंच की सगळं!'

हा आक्षेप पहिला येतो, म्हणून त्याला सावकाश उत्तर देतो.

अ‍ॅपला इतिहास नसतो, किंवा असतो तो त्याच्या सोयीचा असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस शेअर दिले. भाव साहजिकच जवळपास निम्मा झाला आणि नग दुप्पट. आता बरीच संकेतस्थळं जुने भाव मागे जाऊन निम्मे करून दाखवतात, म्हणजे आलेखात कडा पडल्यासारखी दिसू नये. आलेखासाठी ते ठीक आहे. पण वहीसाठी ते विष आहे. जून २०२४ अखेर तुमच्याकडे दहा नग होते आणि भाव तीन हजारांच्या वर होता. सुधारलेला, म्हणजे निम्मा भाव वहीत आला तर त्या तारखेला तुमच्याकडे तीसऐवजी पंधरा हजारच होते असं दिसेल, आणि बोनसच्या दिवशी ते आपोआप दुप्पट झालेले दिसतील. त्या दिवसाची भावकॉपी हा खोटेपणा करत नाही. त्या दिवशी जो भाव होता, तोच ती सांगते. नग वाढल्याची नोंद आपण वहीत करायची, म्हणजे दोन्ही बाजू जुळतात.

जानेवारी २०२४ मध्ये नेस्ले इंडियाच्या एका शेअरचे दहा झाले आणि २७ हजारांच्या घरातला भाव २,७०० च्या घरात आला. दर्शनी मूल्य बदललं की आयसिनही बदलतो, त्यामुळे फक्त जुना क्रमांक धरून बसणाऱ्या सॉफ्टवेअरला त्या दिवसापासून भाव सापडेनासा होतो. १ जुलै २०२३ ला एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत विलीन झाली, २५ शेअरांना ४२ या प्रमाणात. ज्याच्याकडे दहा होते त्याचे १६.८ झाले, म्हणजे सोळा नग आणि उरलेल्या अपूर्णांकाचे रोख पैसे. ही ०.८ कुठून आली, तिचे पैसे कोणत्या खात्यात जमा झाले आणि मूळ खरेदीची किंमत सोळा नगांवर कशी वाटली, हे तुमच्या वहीत लिहिलेलं असेल तर दहा वर्षांनीही सापडेल. पडद्यावर एक दिवस नाव बदललेलं दिसलं, एवढीच ज्याची आठवण आहे त्याला ते सापडणार नाही.

दुसरी गोष्ट. दुकान बदललं की इतिहास मागे राहतो. एका ब्रोकरकडचे शेअर दुसऱ्याकडे हलवले की नव्या अ‍ॅपमध्ये अनेकदा खरेदीची किंमत रिकामी येते आणि ती हाताने भरा असं सांगितलं जातं. कुठून भरणार? जिथे लिहून ठेवलं असेल तिथूनच ना?

तिसरी गोष्ट. दुकान बंदही पडतं. मायक्रोसॉफ्टने 'मनी' हे घरगुती हिशोबाचं सॉफ्टवेअर २००९ मध्ये विकायचं थांबवलं. इंट्युट कंपनीने 'मिंट' हे अमेरिकेतलं लोकप्रिय अ‍ॅप २०२४ मध्ये बंद केलं. आणि भारतातलं कार्वीचं प्रकरण अजून फार जुनं झालेलं नाही. ग्राहकांचे शेअर गहाण टाकून कर्जं उचलल्याबद्दल सेबीने २२ नोव्हेंबर २०१९ ला कार्वी स्टॉक ब्रोकिंगविरुद्ध अंतरिम आदेश काढला. पुढच्या काही दिवसांत एनएसडीएलने सुमारे ८३ हजार ग्राहकांचे शेअर त्यांच्या त्यांच्या खात्यांत परत वळते केले. तोवर त्या लोकांचे शेअर त्यांच्या नावच्या खात्यात नव्हते. अशा वेळी आपण दुकानदाराला 'माझे किती?' असं विचारायला जायचं, की आपली वही घेऊन 'माझे इतके' असं सांगायला जायचं?

एका जुन्या बुधवारचा भाव

जुना भाव जपून ठेवायचा कशाला, असं वाटत असेल तर प्राप्तिकराकडे बघा. नोंदणीकृत शेअरांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २०१८ च्या अर्थसंकल्पात पुन्हा कर आला. तोवर झालेल्या नफ्यावर कर पडू नये म्हणून एक तारीख ठरवली गेली: ३१ जानेवारी २०१८, बुधवार. त्याआधी घेतलेल्या शेअराची किंमत धरताना त्या दिवशीचा बाजारातला सर्वांत वरचा भाव बघायचा असतो. बंद भाव नव्हे, वरचा भाव.

समजा वडिलांनी २००५ मध्ये एक शेअर १०० रुपयांना घेतला, त्या बुधवारी तो ६०० पर्यंत गेला आणि आज तो १,००० ला विकला. वही असेल तर नफा ४०० धरला जाईल. नसेल आणि मूळ शंभरच धरले तर ९००. आज या नफ्याला वर्षाला सव्वा लाखाची सूट आहे आणि त्यावर साडेबारा टक्के कर. म्हणजे सूट संपल्यावर दर नगामागे साडेबासष्ट रुपये केवळ एक भाव माहीत नाही म्हणून जातात. मधल्या काळात शेअराचे तुकडे झाले असतील तर तो भाव त्या प्रमाणात विभागावाही लागतो. ते तुकडे कधी आणि कसे झाले, हे पुन्हा वहीच सांगेल.

'आम्ही तर २०२१ नंतर आलो' असं म्हणणाऱ्यांना आठवण करून देतो की, आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे शेअर आपल्याकडे येणार आहेत, आणि वारशाने आलेल्या शेअराला खरेदीची किंमत मूळ मालकाचीच धरतात. सात वर्षं सलग लाभांश न घेतलेले शेअर तर कायद्याने सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे, आयईपीएफकडे जातात. ते परत मिळतात, पण अर्ज, कागद आणि वाट पाहणं यांतून. घरातलं कुणीतरी वर्षातून एकदा बसून सगळे शेअर, त्यांचे भाव आणि आलेले लाभांश लिहीत असेल, तर न आलेला लाभांश पहिल्याच वर्षी लक्षात येतो.

कुलपं कुणी लावली?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग अडचण काय? फाइल आहे, सॉफ्टवेअर आहे, करा की. अडचण अशी की, वाट आहे पण ती कधी खणली जाईल याचा भरवसा नाही.

अनेक वर्षं जगभरातली हिशोबाची सॉफ्टवेअरं याहूच्या एका मोफत सेवेवर विसंबून होती. पत्ता द्यायचा, सीएसव्हीत भाव मिळायचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये याहूने ती सेवा बंद केली आणि एका दिवसात असंख्य लोकांच्या वह्यांतले भाव गोठले. ग्नूकॅशमध्ये भाव आणणाऱ्या फायनान्स-कोट या मुक्त प्रकल्पाच्या स्वयंसेवकांना नवे स्रोत शोधत बसावं लागलं. हा खेळ अजून संपलेला नाही. फुकटात मिळालेलं हक्काचं नसतं, एवढा धडा त्यातून घ्यायचा.

आपल्याकडे ८ जुलै २०२४ पासून भावकॉपीचा जुना साचा बंद होऊन नवा आला. सगळ्या एक्स्चेंजांचा साचा एकसारखा करणं हा हेतू चांगलाच होता, आणि प्रत्येक ओळीत आयसिन असणं फारच उपयोगी. पण जुन्या रकान्यांवर बेतलेली घराघरांतली छोटी छोटी साधनं त्या दिवशी थांबली. शिवाय ब्राउझरमधून मागितली तर मिळणारी फाइल साध्या प्रोग्रॅमने मागितली तर संकेतस्थळ अनेकदा दार लावून घेतं. माणसाने रोज क्लिक करत बसावं, अशीच जणू अपेक्षा.

आपले स्वतःचे व्यवहार तर आणखी आतल्या खोलीत आहेत. डिपॉझिटरीकडून ईमेलवर येणारं एकत्रित विवरणपत्र ही खरंतर उत्तम गोष्ट. पण ते पीडीएफमध्ये येतं, त्याला पॅनचा पासवर्ड असतो, आणि शेअर कितीला घेतले होते हे त्यात नसतं. सौद्याची नोट तीही पीडीएफ. ब्रोकर व्यवहारांची फाइल देतात, पण प्रत्येकाचे रकाने वेगळे, तारखा लिहायची तऱ्हा वेगळी.

सगळ्यांत खटकणारी गोष्ट अकाउंट अ‍ॅग्रिगेटरची. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये नियम केले, २०२१ च्या सप्टेंबरात व्यवस्था सुरू झाली. कल्पना छान: तुमच्या संमतीने तुमची आर्थिक माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात एका संस्थेकडून दुसरीकडे जावी. पण ती माहिती घेणारा कोण असू शकतो? कुठल्या तरी वित्तीय नियामकाकडे नोंदणी असलेली संस्था. म्हणजे मला कर्ज विकू पाहणाऱ्या कंपनीकडे माझी माहिती सुबक रूपात जाऊ शकते, पण माझ्याच लॅपटॉपवरच्या ग्नूकॅशला ती मागता येत नाही. माझ्या संमतीचं एवढं कौतुक आहे, तर मी मलाच संमती का देऊ शकत नाही?

मागणं काय आहे

एक्स्चेंजांची बाजूही ऐकली पाहिजे. भावांची माहिती पुरवणं हा त्यांचा धंदा आहे, एनएसईची त्यासाठी वेगळी कंपनीच आहे. यंत्रणेला खर्च येतो, आणि फुकट घेऊन पुढे विकणारे लोक असतात. सगळं मान्य. हलता भाव विका, हवा तितक्या महाग विका. माझं मागणं बंद भावापुरतं आहे. तो कोट्यवधी लोकांच्या सौद्यांतून बनतो, त्यावर कर ठरतो, त्यावर फंडांची एनएव्ही ठरते. दिवस संपल्यावर तो कुणाचं गुपित उरत नाही. अ‍ॅम्फीला एक साधी फाइल वर्षानुवर्षं ठेवता येते, तर एक्स्चेंजांनाही येईल.

म्हणून तीन गोष्टी. एक, बंद भावांची फाइल कायमच्या पत्त्यावर, प्रोग्रॅमला घेता येईल अशी, वैयक्तिक हिशोबासाठी वापरायला मोकळी आहे असं स्पष्ट लिहून ठेवावी. दोन, प्रत्येक ब्रोकर आणि डिपॉझिटरीने ग्राहकाचे सगळे व्यवहार एकाच ठरलेल्या साच्यात, पीडीएफबरोबर सीएसव्हीतही द्यावेत. एक्स्चेंजांसाठी समान साचा करता आला, तर हाही करता येईल. तीन, अकाउंट अ‍ॅग्रिगेटरमध्ये माहितीचा मालक स्वतः ती उतरवून घेऊ शकेल अशी सोय व्हावी. सेबी धोरणांचे मसुदे लोकांच्या सूचनांसाठी वेळोवेळी प्रसिद्ध करते. तिथे ब्रोकर संघटना लिहितात, कंपन्या लिहितात. आपणही चार ओळी लिहायला हरकत नाही.

आणि तोवर

हे सगळं होईपर्यंत थांबायचं कारण नाही. महिन्यातल्या बाजाराच्या शेवटच्या दिवसाची भावकॉपी उतरवून घ्या. एकच एक्स्चेंज धरा आणि त्यालाच चिकटून राहा, कारण दोन्हीकडच्या बंद भावांत काही पैशांचा फरक असतो. आपले शेअर नावाने शोधू नका, आयसिनने शोधा. नावं सारखी असतात आणि बदलतातही. तारीख, खूण, बंद भाव, चलन एवढे चार रकाने ठेवा आणि वहीत घ्या. फंड असतील तर अ‍ॅम्फीची फाइल. मूळ फाइल टाकून देऊ नका, तारखेच्या नावाने एका फोल्डरात ठेवा. पुढे सॉफ्टवेअर बदललं तरी ती चालेल.

लॅपटॉप नसेल तर फोनवरच्या स्प्रेडशीटमध्ये आठ ओळी हाताने लिहा. तेवढ्याला पाच मिनिटं लागतात. 'एवढा वेळ कुणाला आहे' असं म्हणणाऱ्याने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ब्रोकरच्या अ‍ॅपवर आपला आठवड्याचा किती वेळ जातो ते बघावं. शिवाय या पाच मिनिटांत समोर फक्त आपले आकडे असतात. विकायचं बटण नसतं, नोटिफिकेशन नसतं, शेजारच्याने किती कमावले याची बातमी नसते.

सहा महिने असं केलंत की वहीत एक सरळ ओळ दिसू लागते: बँक, पीएफ, शेअर, फंड, सोनं, उधारी, सगळं धरून आपण मागच्या दिवाळीला कुठे होतो आणि आज कुठे आहोत. ती ओळ कधी वर जाईल, कधी खाली. पण ती आपण काढलेली असेल, आणि तिच्यातला प्रत्येक भाव कुठून आला हे आपल्याला सांगता येईल.